मिठाच्या वाटेवर यूसुफची आई

त्या हिवाळ्यात माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. कतारात उम्म सईदच्या धक्क्याजवळच्या पंपघरात मी फिटर होतो. आता त्या गावाला सगळे मेसईद म्हणतात आणि तिथे कारखान्यांची रांग लागली आहे, पण मी सांगतोय ते दिवस पन्नास सालानंतरचे, साठ साल अजून लागायचं होतं. तेव्हा तिथे तेलाच्या टाक्या, पाइप, लांब उभी असलेली जहाजं आणि वारा, एवढंच होतं. वारा असा, की एका स्वयंपाक्याची तव्यावरची चपाती उचलून त्याने जहाजाच्या कप्तानाच्या ताटात नेऊन टाकली, असं मी स्वतः लोकांना सांगितलेलं आहे, आणि निम्म्या लोकांनी ते मानलंही. आमच्या रेवदंड्याच्या समुद्रात मी पापलेटावर बसून पैलतीर गाठल्याची हकीगतही तिथे चांगली चालायची. सांगायचं कारण असं, की असं बोलणाऱ्या माणसाच्या आयुष्यात खरोखर काही घडलं की त्याची मोठी पंचाईत होते. मी हे लिहून काढतोय ते त्यासाठीच. बोलताना मला वाढवून सांगायचा मोह आवरत नाही. लिहिताना शेजारी राहेल बसते आणि नको तिथे बोट ठेवते.

राहेल म्हणजे माझी बायको. तेव्हा तिला दिवस गेले होते आणि महिने भरत आले होते. ती आपली शांतपणे तांदूळ निवडत बसायची आणि मी पंपघरात घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करत फिरायचो. इंग्रज साहेब एकदा म्हणाला, तू असाच पाना फिरवत राहिलास तर पाइपाचे आटे जातील. मी पाना खाली ठेवला आणि साहेब वळल्यावर परत उचलला. खुर्चीवर बसलो की उठावंसं वाटे, उठलो की दारापर्यंत जाऊन परत यावंसं वाटे. जेवताना घास हातात घेऊन मी खिडकीशी जाऊन उभा राही. राहेल म्हणायची, "अहो, पोट मला आलंय. चालायचं मी, की तुम्ही?"

माझी भीती कुठून आली होती ते सांगायला हवं. आम्ही कोकणातले बेने इस्राएल ज्यू, अलिबागकडे ज्यांना शनवार तेली म्हणतात ते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची आमची जात. वडील शब्बाथच्या दुपारी धर्मग्रंथातल्या कथा मराठीत समजावून सांगत. जुन्या काळी आमचे पूर्वज तंबू घेऊन हिंडत, बायका पोटुशी असतानाही उंटा-गाढवांवर बसून वाट चालत, आणि घरातला शहाणा कर्ता असेल तर तो सगळ्यांची चाल गाभण मेंढ्यांच्या चालीवर ठेवी. वेळ आली की तंबू ठोकायचा. सुईण बाईला दोन दगडांवर बसवी. मूल झालं की त्याला मिठाने चोळायचं आणि फडक्यात आवळून बांधायचं. हे ऐकून मी लहानपणी विचारलं होतं, "मीठ लावून मुरवायचं का? मूल म्हणजे काय कैरी आहे?" वडिलांनी माझा कान पिरगाळला आणि सांगितलं, अंग घट्ट व्हावं, पोराला जगाचा वारा सोसावा, म्हणून मीठ.

त्याच कथांमध्ये राहेल मातेची कथा होती. दुसऱ्या मुलाच्या वेळी ती अशीच नवऱ्याबरोबर वाटेला लागलेली असताना अडली, मुलगा झाला आणि ती गेली. घराण्याच्या जागेत तिला मूठमातीसुद्धा मिळाली नाही. रस्त्याच्या कडेलाच पुरावं लागलं. माझी आई हे दर वर्षी ऐके आणि दर वर्षी पदराने डोळे पुसे, जणू मागच्या आळीतली कुणी गेली. म्हणून माझ्यासाठी राहेल नावाची मुलगी सांगून आली तेव्हा आईने एकच अट घातली, की नाव बदलायचं. राहेल तेव्हा बैठकीत खाली मान घालून बसली होती. तशीच खाली मान ठेवून म्हणाली, "नाव बदलून नशीब बदलत असेल तर आधी तुमच्या मुलाचं बदला." लग्न ठरलं, नाव राहिलं, पण आईने घरात एक चाल पाडली: राहेलने पोटुशी असताना वाट धरायची नाही. सगळ्यांनी हसून घेतलं. पहिल्या खेपेला तिच्या माहेरच्यांनी रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात बैलगाडी पाठवली. गाडी पेणच्या अलीकडे असतानाच मूल गेलं. त्यानंतर आमच्या घरात त्या चालीवर कुणी हसलं नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी कतारात बसलो होतो. सातव्या महिन्यात दोह्याहून मुंबईची बोट होती. बाकीचे म्हणाले, घरी पाठव, इथे कोण आहे तुमचं. मी म्हटलं, बोट म्हणजेही वाटच. दारातून मी तिला क्वार्टरच्या नळापर्यंतही जाऊ देत नव्हतो. एकदा ती म्हणाली, "तुम्ही मला वाटेवर काढत नाही म्हणता, पण आपण घरी कुठे आहोत? इथे राहणं हीच एक वाट झाली की." मी तिथून उठलो आणि पंपघरात जाऊन एक नट घट्ट केला.

तिथे आम्ही नक्की कोण, हे फक्त दाऊदभाईच्या घरात माहीत होतं. दाऊदभाई मुरूडकडचा कोकणी मुसलमान, एका कंत्राटदाराची पिकअप गाडी चालवायचा. आमच्या घाण्याचं तेल त्याच्या आजीने डोक्यावरून नेलेलं, त्यामुळे त्याच्यापाशी काही झाकण्यात अर्थ नव्हता. बाकी लोकांत निम्मे मला पारशी समजत, निम्मे ख्रिस्ती, आणि मी दोघांनाही नाही म्हणत नसे. अरब मुलखात ज्यू म्हणवून घेण्याचे ते दिवस नव्हते. राहेलला खतीजाभाबी, म्हणजे दाऊदभाईची बायको, चारचौघांत रहिमा म्हणून हाक मारी. खतीजाभाबीने मुरूडला पुष्कळ बाळंतपणं केलेली होती. तीच राहेलचं करणार होती. चार भिंतींत, दार लावून, एक पाऊलही बाहेर न टाकता. बेत पक्का होता. वर मी एलियाहू हन्नबीला नवस बोललो होतो. आमच्या लोकांचा नवस त्या नबीपाशी पोचतो. तो पांढऱ्या घोड्यांच्या रथातून स्वर्गात गेला तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर खूण उमटली, असं आम्ही मानतो. नवस फेडायला मलिदा करतात: पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. मी आधी एका ताटाचा मलिदा बोललो होतो. आठवा महिना लागला तेव्हा त्याची परात झाली होती.

मग एकदा सलग दोन दिवस पाऊस पडला. तिकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर सगळी बाहेर येऊन बघत उभी राहतात. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सुट्टी, गाड्या बंद, माणसं नमाजाची तयारी करत होती. सकाळी राहेलच्या पोटात दुखू लागलं. खतीजाभाबी आत गेली, मी दाराबाहेर येरझाऱ्या घालू लागलो. इतक्या घातल्या, की तिथे अजून चर असेल, हवं तर जाऊन पाहा. बऱ्याच वेळाने खतीजाभाबी बाहेर आली. हात पुसत होती पण माझ्याकडे बघत नव्हती.

"भाऊजी, प्वार आडवा हाय," ती म्हणाली. "माझ्यानं नाय व्हायचा. दोह्याला दवाखान्यात न्या."

"वाटेवर नाही काढायची तिला."

"मंग काय करू? हितं बसून दोगांना जाताना बगू?"

माझे पाय तिथल्या तिथे चाललेच होते. दाऊदभाईने नमाजाची टोपी घातली होती, ती काढून खिशात ठेवली आणि गाडीची किल्ली बाहेर काढली. "मिस्त्री," तो म्हणाला, "गाडी निघतेय. तू बसतोस, की तुला इथे चालत ठेवून जाऊ?"

तेवढ्यात आतून राहेलचा आवाज आला. "अहो, चला आता. रस्त्याला काय माहीत माझं नाव काय आहे ते."

गाडीच्या मागे गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. खतीजाभाबी राहेलचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी पुढे दाऊदभाईशेजारी बसलो, पण तोंड मागे. दर खड्ड्याला मला पेणच्या वाटेवरची ती बैलगाडी आठवत होती. अर्ध्या वाटेवर पावसाने रस्ता वाहून नेला होता. चाकांच्या जुन्या खुणा बाजूने वळून गेल्या होत्या, दाऊदभाईने त्यांच्यावरून गाडी घातली आणि आम्ही सबख्यात गेलो. सबखा म्हणजे तिथलं मिठाचं मैदान. वरून पांढरं, कडक, पापडासारखं, खाली चिखल. आमच्याकडचं खाजण ज्याने पाहिलंय त्याला कळेल. पापड मोडला आणि मागची चाकं रुतली.

पुढचा वेळ मी काय केलं ते मला धड आठवत नाही. मी हातांनी उकरलं. ताडपत्री सोडून चाकाखाली घातली. गाडीला खांदा लावला, तेव्हा गाडी नाही हलली, मीच घोट्यापर्यंत आत गेलो. रस्त्याकडे धावलो, रस्ता रिकामा, परत धावत आलो. दाऊदभाई म्हणाला, "पळून पळून दोह्याला पोचशील, पण बायको इथेच राहील." राहेल आता ओरडत नव्हती, आणि तेच मला सोसवत नव्हतं. मी नवस वाढवत चाललो होतो. परातीचा मलिदा सोडून मी खंडाळ्याच्या सगळ्या गावाचा मलिदा कबूल केला, मग अलिबागचा, मग सबंध कुलाबा जिल्ह्याला पोहे घालायचं मी कबूल केलं. आणखी जिल्हे आठवेनात तेव्हा मात्र मी थांबलो. मी मिठात गुडघे टेकून बसलो. आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा माझ्यापाशी सांगायला काही नव्हतं.

तेव्हा मला ते दिसलं. दूर, उन्हात थरथरत, काहीतरी पांढरं आमच्याकडे येत होतं. पांढरा घोडा. मी दाऊदभाईचा दंड धरला. तो डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "बकरी आहे."

बकरीच होती. मळकट पांढरी, पोटाने फुगलेली, गळ्यातला दोर जमिनीवर फरफटत. आणि तिच्या मागे एक म्हातारी, पायांत काही नाही, अंगावर काळं, तोंडावर तिथल्या बायका बांधत तो टोकदार मुखवटा. ती बकरीला ज्या शिव्या घालत होती त्या दाऊदभाईने मला सांगितल्या, पण त्या इथे लिहायला राहेलची परवानगी नाही. जवळ आल्यावर ती आम्हाला सलाम न करताच म्हणाली, "उभे काय राहिलात, धरा तिला." आम्ही बकरी धरली. इतक्यात गाडीतून राहेल कण्हली. म्हातारीने मान वळवली. मुखवट्यातून फक्त डोळे दिसत होते. ते बकरीवरून गाडीवर गेले, गाडीवरून माझ्यावर आले. तिने दोर माझ्या हातात दिला आणि काहीतरी बोलली.

"म्हणते, हिला सोडायचं नाही," दाऊदभाईने सांगितलं. "आणि म्हणते, तू चालायचं बंद कर, बकरी बिथरते."

म्हणून माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी मी काय केलं असं कुणी विचारलं तर मी बकरी धरली. दुसरं काही केलं नाही. दोर सोडला असता तर ती पळाली असती, म्हणून मला हलता येत नव्हतं. पंपघर नाही, पाना नाही, येरझाऱ्या नाहीत. बकरी माझ्या पोटरीला टेकून उभी राहिली. तिच्या पोटातही काही हलत होतं. ते मला माझ्या पायाला लागत होतं.

म्हातारी गाडीत चढली. खतीजाभाबी आधी फुरंगटून बाजूला झाली, कारण आपल्या हातून झालं नाही ते दुसरीने करायला घेतलं की कुणाला बरं वाटतं. पण म्हातारीने पोटावर हात ठेवला तसा तिचा चेहरा बदलला आणि तिने गाठोड्यातली खोबरेल तेलाची बाटली काढून दिली. म्हातारी तेल लावून पोट चोळू लागली, सावकाश, कणीक मळावी तसं, एका बाजूने लोटत, दुसऱ्या बाजूने झेलत. मधेच थांबून तिने दाऊदभाईला, जो पाठ करून उभा होता, काहीतरी विचारलं.

"मिस्त्री, ती हिचं नाव विचारतेय. आणि हिच्या आईचं. दुवा करताना दोन्ही घ्यावी लागतात म्हणते."

आजाऱ्यासाठी मागताना आईच्या नावाने मागायचं, ही आमच्यातलीही रीत. माझ्या तोंडावर रहिमा आलं होतं. मागे-पुढे कुणीही नसलेल्या त्या मैदानातसुद्धा मी इकडेतिकडे बघितलं. दाऊदभाई हळूच म्हणाला, "इथे नको. इथे खरं सांग."

मी म्हणालो, "राहेल. हन्नाची मुलगी."

ते नाव मी इतके महिने भीत भीत तोंडात धरून होतो, की बाहेर पडताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. आता ही म्हातारी हात काढून घेईल, किंवा तीही डोळे पुसेल, असं मला वाटलं. म्हातारीने राहेलच्या गालावर थापटी मारली आणि ती हसली. मुखवट्यातून हसू ऐकू आलं.

"म्हणते, राहेल म्हणजे यूसुफची आई," दाऊदभाईने सांगितलं. त्याचाही आवाज बदलला होता. "म्हणते, जगात त्याच्याइतका देखणा मुलगा झाला नाही. म्हणते, या नावाच्या बाईला काय भ्यायचं."

मी दोर धरून तसाच उभा राहिलो. वडिलांच्या तोंडून ती कथा मी किती वेळा ऐकली होती. राहेल मातेला आधी मूल होत नव्हतं, तिने देवाकडे मागितलं, देवाला तिची आठवण झाली आणि तिला योसेफ झाला. ते सगळं मला पाठ होतं. पण आमच्या घरात आईने डोळे पुसायला सुरुवात केली की आम्ही फक्त शेवट ऐकायचो. रस्त्याकडेची ती कबर एवढीच आमची राहेल. या अनवाणी बाईच्या घरी तीच राहेल एका देखण्या पोराची आई होती, आणि तिथेच तिची गोष्ट थांबत होती. मी इतकी वर्षं एका बाईला तिच्या मरणावरून ओळखत होतो.

गाडीत राहेलने म्हातारीचं मनगट धरलं होतं. पोटातलं पोर फिरलं. खतीजाभाबी ओरडली, "फिरला, भाऊजी, फिरला," आणि रडायला लागली. मग म्हातारीने जमिनीकडे बोट दाखवून काही मागितलं. दाऊदभाईच्या गाडीत चढावर चाकाला लावायला दोन दगड कायम असत. ते त्याने मिठावर ठेवले. दोघींनी राहेलला उतरवली, चाकाखालची ताडपत्री काढून तिचा आडोसा केला, आणि मी व दाऊदभाई पाठ फिरवून समुद्राच्या दिशेने बघत राहिलो. मला काही दिसलं नाही. दोन दगड, एक सुईण आणि पाठमोरा नवरा. वडिलांच्या कथेतली माणसं माझ्या पाठीशी वावरत होती आणि मला मागे वळायची मुभा नव्हती. बकरी रवंथ करत होती. मग मूल रडलं.

मुलगा होता. वळून बघायची परवानगी मिळाली तेव्हा म्हातारी जमिनीवरचा वरचा स्वच्छ पापुद्रा नखाने खरवडत होती. ते मीठ तिने तळहातावर चुरलं, त्यात खोबरेल कालवलं आणि पोराच्या अंगाला चोळलं. पोराने आकाश डोक्यावर घेतलं. मी हसत होतो, आणि माझ्या तोंडात खारट लागत होतं. मग तिने आपल्या अंगावरच्या काळ्या कापडाचा काठ दातात धरून टर्रकन फाडला, आणि त्यात पोराला असं आवळून बांधलं, की फक्त नाक आणि राग बाहेर राहिला.

ऊन उतरताना तिचे दोन मुलगे तिला शोधत उंट घेऊन आले. आईवर आधी ओरडले, मग गाडीला दोर बांधले. उंटांनी गाडी चिखलातून ओढून काढली. सूर्य बुडत होता. शुक्रवारच्या सूर्यास्ताला आमचा शब्बाथ लागतो, तेव्हा घरची बाई दिवा लावते, आणि आमच्यापाशी दिवा नव्हता. म्हातारीच्या मुलग्यांनी काटक्यांचा जाळ केला होता, त्यावर राहेलने पडल्या पडल्या दोन्ही हात धरले, मग डोळ्यांवर घेतले आणि ओठांतल्या ओठांत दिव्याची बेराखा म्हटली. खतीजाभाबीने तिला आडोसा केला. म्हातारीने बघितलं आणि काही विचारलं नाही. प्रार्थना संपली हे कळल्यावर आमीन म्हणाली, माझ्या हातातून बकरीचा दोर घेतला आणि चालू लागली.

दोह्याच्या दवाखान्यात दोघंही सुखरूप असल्याचं सांगितलं. पुढच्या गोष्टीत मात्र मला राहेलचं बोट आडवं येतं. बरीच वर्षं मी लोकांना सांगत आलो, की दोन-चार दिवसांनी मी साखर आणि चहा घेऊन त्या बाईला शोधायला गेलो, तर तिथे तंबू नव्हता, खूण नव्हती, वाळूवर पाऊलसुद्धा नव्हतं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई आणि मला समाधान वाटे. खरं असं, की तंबू होता. चांगला मोठा होता, बाहेर कुत्रा बांधलेला होता आणि तो मला चावला. म्हातारीने साखर घेतली, चहा घेतला, आणि तंबाखू आणली नाही म्हणून मला बोलली. रॉकेलचा रिकामा डबाही मागून घेतला. बकरीला दोन करडं झाली होती, ती तिने आणून माझ्या मांडीवर ठेवली.

मी दाऊदभाईला म्हटलं, तिला विचार, त्या दिवशी तू तिकडे कशी आलीस. म्हातारीने खांदे उडवले. बकरी दोर तोडून सबख्याकडे गेली, मुलगे म्हणाले जाऊ दे, येईल आपली परत. पण व्यायला झालेलं जनावर एकटं निघालं की मागे जावंच लागतं, ती म्हणाली. कुठे अडेल काय सांगता येतं. आणि ती उठून चहा करायला गेली.

यापेक्षा मोठी गोष्ट मला आजवर रचता आलेली नाही. तंबू गायब झाला असता तर ती माझ्या पापलेटाच्या रांगेत बसली असती.

आठव्या दिवशी सुंता करायची होती. आमच्यातला ती करणारा तिथे कुणी मिळणं शक्य नव्हतं. शास्त्राला यातलं किती चालतं ते गावी गेल्यावर हझानना, म्हणजे आमची प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारू असं ठरवलं, आणि त्यांनी जे करायचं ते पुढे केलंही. पण आठवा दिवस चुकवायचा नव्हता. दाऊदभाईने तिथल्या मुलांच्या सुंता करणारा एक म्हातारा न्हावी आणला. आमच्यात सुंतेच्या वेळी एलियाहू हन्नबीसाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात, कारण तो प्रत्येक मुलापाशी येतो. मी कँटीनमधली लोखंडी घडीची खुर्ची आणली होती. तिच्यावर घालायला रेशमी वस्त्र असतं, ते आमच्यापाशी कुठलं. राहेलने ट्रंक उघडली आणि म्हातारीच्या अंगावरून फाडलेलं ते काळं कापड काढलं. धुतलं होतं तरी घडीत मिठाचे पांढरे डाग राहिले होते. तिने ते खुर्चीवर नीट पसरलं.

न्हाव्याने वस्तरा पुसता पुसता खुर्चीकडे बघितलं. "कुणी यायचं आहे का? थांबू?"

दाऊदभाईने माझ्याकडे बघितलं. एरवी मी त्या खुर्चीवर पांढरा घोडा, रथ आणि आगीचे लोळ बसवून दाखवले असते. मी म्हणालो, "नाही. येऊन गेलंय. करा सुरू."

मुलाचं नाव योसेफ ठेवलं. खतीजाभाबीने त्याला कायम यूसुफच म्हटलं आणि तो दोन्ही हाकांना ओ देतो. देखणा आहे की नाही ते मी बाप म्हणून सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्ही त्यातलं निम्मं वजा कराल. सुट्टीवर गावी गेलो तेव्हा खंडाळ्याला मलिदा केला. सगळ्या जिल्ह्याला पोहे घालणं माझ्याच्याने झालं नाही; देवाने तेवढं मला माफ केलं असावं, कारण माझा स्वभाव त्याला माहीत आहे. आईने नातवाला मांडीवर घेतलं आणि सगळी हकीगत ऐकली. त्यानंतरच्या शब्बाथला वडील राहेल मातेची कथा सांगू लागले तेव्हा तिने त्यांना मधेच थांबवलं आणि म्हणाली, "आधी योसेफ झाला तिथपासून सांगा."

मी अजूनही अस्वस्थ माणूस आहे. पण त्या दिवशी देवाने माझ्या हातातला पाना काढून घेऊन मला एक दोर दिला होता आणि हलू नकोस म्हणून सांगितलं होतं, हे मी विसरलेलो नाही. जिवाचा फार थरकाप झाला की मी नवस वाढवत बसत नाही. उभा राहतो, मूठ मिटतो, आणि माझ्या पोटरीला ती बकरी टेकल्यासारखी वाटते, पोटातल्या करडांसकट. मग जे व्हायचं ते माझ्या पाठीमागे होऊ देतो.

राहेलने हे सगळं वाचलं. म्हणाली, कुत्रा चावला नव्हता, नुसता भुंकला होता.